खोट्या शरीराचं खरं वजन

हा भाग तुम्ही लोकलमध्ये ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, नाहीतर ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकत असाल. जिथे कुठे बसलेले असाल, तिथून एकदा उठून उभे राहा. आणि उठताना बघा की आधी काय हलतं. डोकं पुढे जातं, मग छाती, मग पायांवर भार येतो, आणि शेवटी कंबर वर येते. एका सेकंदाचा खेळ.

आता १३० किलो वजनाचा माणूस उठताना आठवा. प्रत्येकाच्या घरात, नात्यात, सोसायटीत कुणीतरी असतंच. तो आधी पाय फाकवतो. दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवतो. एक श्वास घेतो. मग थोडासा झोका घेऊन उठतो, आणि उठल्यावर लगेच चालायला लागत नाही. एक क्षण थांबतो.

आजचा विषय या एका क्षणाचा आहे. सिनेमात ७०-८० किलोच्या नटाला १३० किंवा २७० किलोचा दाखवायचा असतो, तेव्हा त्याला जे शरीर घालतात, त्याला बॉडीसूट म्हणतात. प्रोस्थेटिक बॉडीसूट. तो कसा बनतो, कशाचा बनतो, आत बसलेल्या माणसाचं काय होतं, आणि एवढं सगळं करून आपण त्या पात्राला माणूस म्हणून बघतो की विनोद म्हणून, हे आज बोलूया.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी सिनेमावाला नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, दिवसभर एपीआय आणि मीटिंग. या विषयात माझा जीव का अडकला? त्याची दोन कारणं. एक म्हणजे हा शुद्ध इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. आणि दुसरं, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला माझं वजन १०४ किलो होतं. त्यावर नंतर येतो.

आधी मूळ प्रक्रिया समजून घेऊ. पेणला गणपतीचे कारखाने बघितलेत का कधी? तिथे आधी एक मूर्ती हाताने घडवतात. मग तिच्यावरून साचा काढतात. मग त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. बॉडीसूटचं तत्त्व अगदी हेच. फरक एवढाच, की इथे आत एक जिवंत माणूस बसणार आहे. त्यामुळे साचे दोन लागतात. एक आतला, म्हणजे नटाच्या स्वतःच्या शरीराचा. दुसरा बाहेरचा, म्हणजे पात्राच्या शरीराचा. एकात एक बसवले की मधे जी फट राहते, ती फट म्हणजेच नवीन कातडी आणि नवीन मांस. त्या फटीत सिलिकॉन किंवा फोम भरायचा. संपलं! म्हणजे ऐकायला संपलं. करायला महिने जातात.

आतला साचा काढायला नटाच्या चेहऱ्यावर आल्जिनेट लावतात. दातांचा डॉक्टर कवळीचं माप घेताना तोंडात गार, लिबलिबीत गोळा कोंबतो ना? तोच पदार्थ. नाकपुड्या फक्त मोकळ्या ठेवायच्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, हात मोडल्यावर लावतात तशा. नटाने डोळे मिटून, तोंड बंद करून, अजिबात न हलता बसायचं. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांच्यासाठी हा प्रकार भयंकर असतो. नंतर त्या साच्यात प्लास्टर ओतलं की नटाचं हुबेहूब डोकं तयार. त्या डोक्यावर शिल्पकार तेलातली माती लावून पात्राचा चेहरा घडवतो. दुहेरी हनुवटी, गळ्याच्या वळ्या, डोळ्यांखालची पिशवी, सगळं हाताने. छिद्रं आणि सुरकुत्यासुद्धा एकेक कोरतात.

आता पदार्थ बघू. जुना पदार्थ म्हणजे फोम लेटेक्स. रबराचा चीक घ्यायचा, त्यात फेस आणणारं द्रव्य घालायचं, केकचं क्रीम फेटतात तसा मिक्सरमध्ये फेटायचा, साच्यात ओतायचा आणि भट्टीत मंद आचेवर काही तास भाजायचा. हलका, मऊ स्पंज तयार होतो. डिक स्मिथ नावाचे अमेरिकन रंगभूषाकार होते. 'लिटल बिग मॅन' या १९७० च्या सिनेमात त्यांनी डस्टिन हॉफमनला शंभरीपार गेलेला म्हातारा केला होता. अख्खा मुखवटा एकसंध करण्यापेक्षा चेहऱ्याचे वेगवेगळे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे चिकटवायचे, ही पद्धत त्यांनी गाजवली. कारण साधं आहे. एकसंध मुखवट्यात गाल हलला की कपाळही ओढलं जातं. तुकडे असले की प्रत्येक स्नायूला त्याचं स्वातंत्र्य मिळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मोनोलिथ तोडून मायक्रोसर्व्हिसेस केल्या! आणि या माणसाने आपल्या युक्त्या लपवून ठेवल्या नाहीत, पुढच्या पोरांना शिकवल्या. रिक बेकरसारखी माणसं त्यांच्याकडे शिकली.

फोम लेटेक्सची अडचण अशी की तो प्रकाश अडवतो. खऱ्या कातडीत प्रकाश थोडा आत शिरतो, आत पसरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा, कळेल. म्हणून आता जिथे कातडी उघडी दिसते तिथे सिलिकॉन वापरतात. दोन द्रव असतात, ए आणि बी. मिसळले की घट्ट होतं. त्यात मऊपणा आणणारं तिसरं द्रव्य जितकं जास्त, तितकं मांस ढिलं. रंग वरून फासून चालत नाही, म्हणून आतच मिसळतात, आणि सोबत लाल-निळ्या धाग्यांचा बारीक भुगा टाकतात, म्हणजे खाली रक्तवाहिन्या असल्याचा भास होतो. मग वरून ठिपक्या-ठिपक्यांनी रंग. मग केस. हातावरचे, छातीवरचे, एकेक केस सुईने टोचून बसवतात. या सिलिकॉनचे नखरेही भारी असतात. लेटेक्सचे हातमोजे घालून त्याला हात लावला, तर त्या जागी ते सेटच होत नाही, चिकट राहतं. त्यामुळे वर्कशॉपमध्ये कुठले हातमोजे वापरायचे याचेही नियम असतात.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळा बॉडीसूट सिलिकॉनचाच करा की. चला, हिशोब करूया. सवय आहे, जात नाही.

मोठ्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण पावणेदोन ते दोन चौरस मीटर असतं. त्यातलं फक्त एक चौरस मीटर झाकायचं ठरवलं, आणि जाडी ठेवली दोन सेंटिमीटर. झाले २० लिटर. ऑफिसात मशीनवर उलटा ठेवतात तो पाण्याचा मोठा जार असतो ना, तो २० लिटरचा. सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचित जड. म्हणजे २१-२२ किलो. आणि हे फक्त दोन सेंटिमीटरला! दोन सेंटिमीटरने कुणी जाड दिसत नाही, स्वेटर घातल्यासारखा दिसतो. जाडी पाच सेंटिमीटर केली की ५० लिटर, म्हणजे ५५ किलो. एक अख्खा माणूस अंगावर घेऊन संवाद म्हणायचे.

म्हणून बॉडीसूट थरांचा असतो. आत अंगाला घट्ट बसणारा ताणता येणारा कपडा, सायकलिंगवाले घालतात तसा. त्यावर कापून, घासून आकार दिलेला हलका फोम. पोट, मांड्या, दंड अशा जागी पिशव्या, त्यांत छोटे मणी, जेल किंवा तत्सम काहीतरी, म्हणजे ते लोंबेल आणि डुलेल. आणि सिलिकॉन फक्त चेहरा, गळा, हात, किंवा एखाद्या दृश्यात उघडा दिसणारा भाग, एवढ्यापुरतं.

आता मुद्द्याकडे येऊ. नुसता फोम भरला तर काय होतं? फोटोत उत्तम दिसतं. नट चालायला लागला की पोल खुलते. चरबी ही आकार नसते, ती भार असते. उभं राहिलं की पोट खाली ओढलं जातं. बसलं की ते मांड्यांवर पसरतं. कुशीवर झोपलं की बाजूला सांडतं. माणूस अचानक थांबला तरी पोट अर्धा क्षण पुढे जातं आणि मग परत येतं. फोमचा ठोकळा यातलं काहीच करत नाही. उभ्या आकारात घडवला असेल, तर बसल्यावर उशी पोटात कोंबल्यासारखा दुमडतो. म्हणून कारागिराला सुरुवातीलाच ठरवावं लागतं, की हे पात्र सिनेमाभर जास्त करून काय करणार आहे. बसणार? चालणार? नाचणार? त्यावर शरीर घडतं.

रिक बेकर यांनी १९९६ च्या 'द नटी प्रोफेसर'मध्ये एडी मर्फीला शर्मन क्लम्प केलं, तेव्हा सूटमध्ये द्रव भरलेले कप्पे ठेवले होते, म्हणजे अंग थुलथुलेल. त्या कामाला ऑस्कर मिळालं. तुम्ही तो सिनेमा आज बघितलात तरी जेवणाच्या टेबलावरचं दृश्य थक्क करतं. त्या टेबलावर बसलेल्या जवळपास सगळ्या मोठ्या माणसांच्या आत एकटा एडी मर्फी आहे.

आणि मग आला २०२२ चा 'द व्हेल'. दिग्दर्शक डॅरेन अरोनॉफ्स्की, नट ब्रेंडन फ्रेझर, 'द ममी'वाला आपला हिरो. पात्राचं नाव चार्ली, वजन ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७० किलो. घरातून ऑनलाइन लिखाण शिकवणारा शिक्षक, जो विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून स्वतःचा कॅमेरा बंद ठेवतो. लॉकडाऊनमध्ये कॉलेज केलेल्या माझ्या ऐकणाऱ्यांनो, हे वाक्य तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे शरीर घडवलं कॅनडाच्या मॉन्ट्रियलमधले एड्रियन मोरो यांनी. तयारीच्या वेळी कोविड होता, त्यामुळे नटाला खुर्चीत बसवून चेहऱ्यावर आल्जिनेट फासायची सोय नव्हती. मग काय केलं? आयपॅडने फ्रेझरचं स्कॅनिंग केलं. ती थ्रीडी फाइल कॉम्प्युटरवर घेतली, मातीऐवजी सॉफ्टवेअरमध्ये शिल्प घडवलं, आणि साचे थेट थ्रीडी प्रिंटरवर छापले. माती नाही, प्लास्टरचं डोकं नाही. एखादी छिद्राची ओळ बदलायची असेल तर अंडू! हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉपसमोर एकटाच टाळ्या वाजवत होतो. २०२३ च्या ऑस्करमध्ये रंगभूषा आणि केशभूषेचा पुरस्कार मोरो, ज्युडी चिन आणि अ‍ॅनेमरी ब्रॅडली यांना मिळाला, आणि त्याच रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला फ्रेझर.

इथे एक प्रश्न मला नेहमी येतो. एवढं सगळं कॉम्प्युटरवर केलंच आहे, तर शरीरही कॉम्प्युटरवरच का नाही घालायचं? आता तर एआय आहे. मित्रांनो, मऊ शरीर हलवणं हे सिम्युलेशनमधल्या किचकट कामांपैकी एक आहे. मांड्यांवर पोट टेकतं, त्यावर शर्ट घासतो, शर्टाला सोफा घासतो, प्रत्येक ठिकाणी घर्षण. सूट घातलेल्या नटाला हे सगळं फिजिक्स फुकट मिळतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नटाला ते जाणवतं. भार खरा असेल तर श्वास आपोआप बदलतो. वाक्य मधेच तोडावं लागतं. खाली पडलेली किल्ली उचलणं हा दिवसभराचा प्रकल्प होतो. हे अभिनयाच्या वर्गात शिकवता येत असेलही, पण पाठीवर वजन असलं की शिकवावं लागत नाही. म्हणूनच 'द बॅटमॅन' आणि नंतर 'द पेंग्विन' मालिकेत कॉलिन फॅरेलला ओळखू न येणारा केला, तो माइक मॅरिनो यांनी, चेहऱ्यावर प्रोस्थेटिक चढवून आणि अंगात सूट घालून.

पण फुकट मिळालेल्या फिजिक्सची किंमत आतला माणूस मोजतो. स्वस्थ बसलेलं शरीरसुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. जुना पिवळा बल्ब आठवा, हात लावला की चटका बसायचा. तो बल्ब फोममध्ये गुंडाळा आणि वरून स्टुडिओचे दिवे मारा. घाम बाहेर जायला वाट नाही, कारण सिलिकॉनमधून घाम जात नाही, तो खाली साचतो आणि कडा सुटायला लागतात. म्हणून आत एक बनियन घालतात, त्यात बारीक नळ्या शिवलेल्या असतात, आणि दोन शॉटच्या मधे पंपाने थंड पाणी फिरवतात. रेसिंग कारचे ड्रायव्हर हेच वापरतात. फ्रेझरच्या अंगातही असाच प्रकार होता. डेटा सेंटरमधलं लिक्विड कूलिंग, फक्त सर्व्हरच्या जागी माणूस.

शिवाय चेहऱ्याचे तुकडे रोज नवे लागतात. त्यांच्या कडा कागदापेक्षा पातळ असतात आणि काढताना फाटतात. चाळीस दिवसांचं शूटिंग असेल तर चाळीस संच. रोज चढवायला कित्येक तास, उतरवायलाही वेळ. बाथरूमला जायचं म्हटलं तरी मदतीला माणूस. 'डार्केस्ट अवर'मध्ये गॅरी ओल्डमनने चर्चिल केला, तेव्हा त्याने आधी काझुहिरो त्सुजी यांना गाठलं. ते सिनेमा सोडून शिल्पं करायला लागले होते. त्यांना विनंती करून परत आणलं. साठीच्या जवळ आलेल्या, अंगाने सडपातळ नटाला चर्चिल करायचं, तर चेहरा फार झाकूनही चालत नाही, कारण मग नटच दिसणार नाही. किती झाकायचं आणि किती सोडायचं, यात खरी हुशारी आहे. २०१८ चं ऑस्कर त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना मिळालं.

आपल्याकडे काय चित्र आहे? १९९६ ला कमल हासनचा तमिळ 'अव्वै षण्मुगी' आला, त्याची रंगभूषा हॉलिवुडच्या मायकल वेस्टमोर यांची. पुढच्या वर्षी तीच गोष्ट हिंदीत 'चाची ४२०' म्हणून आली, जी आपण टीव्हीवर पन्नास वेळा बघितली आहे. 'पा'मध्ये अमिताभला बारा वर्षांचा ऑरो केला, त्यासाठी क्रिस्टियन टिन्सली आणि डॉमिनी टिल यांना आपला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे बराच काळ असं होतं की अवघड प्रोस्थेटिक म्हटलं की परदेशातून माणूस बोलवायचा. आता तसं राहिलेलं नाही. प्रीतिशील सिंग डिसूझा यांचं नाव शोधून बघा. 'नानक शाह फकीर' आणि 'गंगूबाई काठियावाडी' या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आहे, मुंबईत त्यांची स्वतःची लॅब आहे. आणि या क्षेत्रात येण्याआधी त्या काय होत्या? सॉफ्टवेअर इंजिनिअर! हे ऐकून आईबाबांना फोन करू नका, एवढीच विनंती.

दुसरा रस्ताही आपल्याकडे आहे, तो म्हणजे खरंच वजन वाढवणं. 'दंगल'साठी आमिर खानने वजन ९७ किलोच्या आसपास नेलं, म्हाताऱ्या महावीरचे सीन आधी शूट केले, मग वजन उतरवून तरुणपणचे. भूमी पेडणेकरने 'दम लगा के हईशा'साठी वजन वाढवलं, आणि ते तर तिचं पदार्पण होतं. लोक म्हणतात हेच खरं समर्पण, सूट घालणं म्हणजे शॉर्टकट. मला हे पटत नाही. तीस-तीस किलो वरखाली करणं हृदयाशी, गुडघ्यांशी खेळ आहे, आणि तो प्रत्येकाला परवडत नाही. ज्या नटाकडे वर्षभर थांबायला पैसे आणि दिमतीला डॉक्टर-ट्रेनर आहेत, त्याचीच ती चैन. आणि २७० किलो तर कुणीच होऊ नये, कुठल्याच सिनेमासाठी.

आता ते १०४ किलो.

कॉलेजमध्ये मला एका विनोदी सिनेमातल्या जाड्या पात्राचं नाव पडलं होतं. सिनेमाचं नाव सांगत नाही. त्यात एका सडपातळ नटाला फोमचा सूट घालून नाचवलं होतं, आणि तो दर वेळी खुर्चीत बसला की खुर्ची मोडायची. हॉस्टेलमध्ये मी मेसमध्ये बसलो की पोरं खुर्ची मोडल्याचा आवाज काढायची. वाईट पोरं नव्हती ती. मलाही हसायला यायचं, म्हणजे मी हसायचो. पण तेव्हापासून मी कुठेही बसताना आधी हाताने खुर्ची दाबून बघतो. आज माझं वजन ८२ आहे, तरी बघतो.

बॉडीसूट कसे बनतात हे वाचायला लागल्यावर मला त्या सिनेमाबद्दल एक गोष्ट लक्षात आली. त्या सूटला वजनच नव्हतं. तो नट उड्या मारत होता, टुणकन उठत होता, धावत होता, आणि त्याला धाप लागत नव्हती. विनोद त्यावरच चालला होता. शरीर जाड, पण त्याचा त्रास शून्य. आपण फुग्याला हसतो तसे लोक हसत होते. खरं वजन दाखवलं असतं, तो उठताना गुडघ्यावर हात टेकवून एक क्षण थांबला असता, तर थिएटरमध्ये त्या एका क्षणात हसू थांबलं असतं. कारण त्या क्षणात माणूस दिसतो.

म्हणून मला वाटतं की चांगला बॉडीसूट ही नुसती तांत्रिक करामत नसते. कारागीर भार दाखवतो तेव्हा तो पात्राची बाजू घेत असतो. फ्रेझर म्हणाला होता की दिवसाच्या शेवटी सगळं उतरवल्यावर त्याला गरगरायचं, बोटीवरून जमिनीवर उतरल्यासारखं. ज्यांना हे वजन रोज वागवावं लागतं, त्यांच्याबद्दलचा आदर वाढला, असंही तो बोलला. त्या भूमिकेची तयारी करताना लठ्ठपणाशी झगडणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेशी त्याने चर्चाही केली होती.

पण थांबा, इथे सगळं गोड करून संपवणार नाही. 'द व्हेल'वर टीकाही खूप झाली, आणि ती टीका पोकळ नव्हती. काही जाड प्रेक्षकांनी आणि लेखकांनी विचारलं, की एवढे महिने आणि एवढा पैसा खर्च करून बारीक माणसाला जाड करण्यापेक्षा, जाड नटाला काम का दिलं नाही? त्याला आधीच कमी कामं मिळतात, आणि मिळतात ती खुर्ची मोडायची. दुसरं, कॅमेरा ते शरीर इतकं जवळून दाखवतो की सहानुभूतीच्या नावाखाली तमाशाच होतो, असंही काहींचं म्हणणं. याला एक उत्तर असं देतात की २७० किलोच्या आजारी माणसाकडून आठवडेच्या आठवडे बारा-बारा तास शूटिंग करून घेणं धोक्याचं. ते खरं आहे. पण सगळी जाड पात्रं २७० किलोची नसतात. शंभर-एकशेवीस किलोच्या पात्राला सूट कशाला लागतो? तसे नट आहेत की. या प्रश्नाला इंडस्ट्रीकडे पटेल असं उत्तर मला तरी दिसलेलं नाही.

आणि 'नटी प्रोफेसर'चं उदाहरण माझ्या सिद्धांताला थोडं अडवतंच. तो सूट उत्कृष्ट होता, त्याला भारही होता, आणि तरी त्याच सिनेमात जाडेपणावर डझनभर विनोद आहेत. म्हणजे सूट चांगला असणं पुरेसं नाही, संवाद लिहिणाऱ्याची नजरही लागते. तरीपण त्या सगळ्या गोंधळात शर्मन क्लम्प जिथे एकटा असतो, लाजतो, तिथे मला तो आवडतो. त्याला बसलेलं बघताना मला कधी खुर्चीचा आवाज ऐकू आला नाही.

एक फरक मात्र कुठलाच कारागीर भरून काढू शकत नाही. संध्याकाळी पॅकअप झालं की सूटची चेन उघडते आणि नट मोकळा होतो. मला बावीस किलो उतरवायला अडीच वर्षं लागली, आणि अनेकांना औषधांमुळे, थायरॉइडमुळे, घराण्यामुळे ते कधीच शक्य होत नाही. त्यांना चेन नसते. म्हणून नट सूट घालून जे काही बोलेल, ते उसनं घेतलेल्या जागेवर उभं राहून बोलतोय, याचं भान त्याला असावं, एवढी माझी अपेक्षा.

तर आता तुमच्यासाठी गृहपाठ. पुढच्या वेळी सिनेमात किंवा सिरीजमध्ये बॉडीसूट दिसला, की तीन गोष्टी तपासा. एक, बसणं-उठणं. पोट मांड्यांवर पसरतं का, की उशी दुमडते? दोन, श्वास. जिना चढून आल्यावर वाक्य तुटतं का, की नट थेट संवाद ठोकतो? तीन, चेहरा आणि हात. शरीर ११० किलोचं आणि मनगट ६० किलोचं असेल, तर निर्मात्याने पैसे वाचवलेत. आणि या तिन्हींनंतर चौथा प्रश्न स्वतःला विचारा. हसू आलं का? आलं असेल तर कशाला आलं? त्या माणसाच्या बोलण्याला, की त्याच्या बसण्याला?

उत्तर मला पाठवा, व्हॉइस नोट पाठवलीत तर आणखी आवडेल. ज्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोटाला उशी बांधून शेटजी केलाय, त्यांनी तर नक्की पाठवा, उशी कशी घसरली ते सांगा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये ज्याला फोटो काढताना कायम मागे उभं करता, त्याला या आठवड्यात पुढे उभं करा.

पुढच्या भागात भेटू. पाणी प्या, पाठ सरळ ठेवा. नमस्कार!